दिवसाच्या विजेचा हिशेब

शिरूर तालुक्यातल्या न्हावरे गावी विजेच्या दोन गोष्टी शेजारी शेजारी पाहायला मिळतात. एक आहे रावसाहेबदादा पवार घोडगंगा सहकारी साखर कारखान्याची चिमणी. दुसरी आहे शेताच्या बांधावरच्या खोपटात लटकणारा मोटारीचा स्टार्टर. चिमणीखाली उसाच्या चिपाडापासून वीज होऊ शकते. स्टार्टरपाशी उभा असलेला शेतकरी विजेची वाट पाहत असतो. दोघांमधले अंतर सायकलने तोडण्याजोगे आहे. पण सरकारी कागदांवर हे दोघे वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या योजनांत आणि वेगवेगळ्या दरपत्रकांत राहतात.

कोळशाची वीज कमी करून स्वच्छ ऊर्जेकडे जायचे हे आता देशाचे धोरण आहे, आणि त्यावर फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो हे स्थित्यंतर खालपर्यंत कसे उतरते याविषयी. न्हावऱ्याच्या परिसरात ते उतरताना पाहिले, की एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होते. यंत्रे अडत नाहीत, हिशेब अडतो. आणि हिशेब अडतो त्याचे कारण, आपण विजेचे युनिट मोजतो, पण ते कोणत्या वेळी आले ते मोजत नाही.

रात्रीची पाळी

चौफुल्याहून शिरूरकडे निघाले, पारगावपाशी भीमा ओलांडली, की ऊस सुरू होतो. इकडे भीमा, तिकडे घोड, मधे चासकमान आणि घोड प्रकल्पांचे कालवे, विहिरी, बोअर आणि नदीवरून आणलेल्या पाइपलाइनी. पाण्याची खटपट या भागाला नवी नाही. न्हावऱ्याजवळच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीबरोबर घोड नदीच्या पुराचे पाणी वळवणारा बांध आणि चर सापडला. तेव्हाच्या शेतकऱ्याने पाण्याची वाट ठरवली होती. आजच्या शेतकऱ्याच्या पाण्याची वाट विजेचे वेळापत्रक ठरवते.

हे वेळापत्रक चक्राकार असते. जेथे सौर वाहिनी अजून पोचलेली नाही, तेथे शेतीच्या वाहिनीला आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री थ्री फेज वीज मिळते. पाळी आठ तासांची. रात्रीची पाळी आली की माणूस बॅटरी आणि काठी घेऊन दारे धरायला जातो. एक सरी भरली की दुसरीचे तोंड फोडायचे, आणि फेज गेली तर पुन्हा मोटारीपर्यंत चालत यायचे.

रात्र का, याचे उत्तर कोळशाच्या केंद्रांत आहे. औष्णिक संच दिव्यासारखा मालवता येत नाही. त्याचा भार निम्म्याच्या आसपास उतरवता येतो, त्याखाली नेला तर संच बंद करावा लागतो आणि पुन्हा पेटवायला वेळ व तेल दोन्ही लागते. रात्री बारानंतर शहरे झोपतात, कारखान्यांची मागणी घटते. मग उरलेली वीज खपवायला हक्काचे गिऱ्हाईक उरते ते शेतीपंप. शेतकऱ्याला रात्रीची वीज मिळाली ती पिकाला रात्री पाणी लागते म्हणून नव्हे. संचाला रात्री भार लागतो म्हणून.

भारनियमनाच्या दिवसांत, २००५ च्या सुमारास, ‘अक्षय प्रकाश योजना’ आली होती. संध्याकाळी गावाने शेतीपंप बंद ठेवायचे, त्या बदल्यात घरातले दिवे चालू राहायचे. पुढे गावठाणाची वाहिनी आणि शेतीची वाहिनी वेगळी करण्याचे काम झाले. आज सौर वाहिनीची जी योजना चालली आहे, तिचा पाया त्या तारांच्या विभागणीत आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. शेतीची वाहिनी वेगळी झाली नसती, तर तिला दिवसा वेगळी वीज देताच आली नसती.

रात्रीच्या पाळीची किंमत मात्र कोणत्याही दरपत्रकात नाही. ओल्या सरीत घोणस आणि मण्यार असतात. ऊस वाढला तसा बिबट्या उसात स्थिरावला. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके येतात आणि बिबट्याचा प्रश्न तेथे पंचवीस वर्षांचा जुना आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तिघांचे बळी गेले, त्यांत दोन लहान मुले होती. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडला. हे बळी रात्री दारे धरणाऱ्यांचे नव्हते. पण त्यानंतर अंधारात उसात शिरायचे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज उरली नाही. ‘आम्हाला दिवसा वीज द्या’ ही मागणी जुनीच होती. आता ती केवळ सोयीची मागणी राहिली नाही.

सूर्य कामाला लागला

या मागणीला नेमके उत्तर देणारे तंत्र आपल्या हाती आले आहे. सौर पॅनेलची वीज दिवसाच येते. तिला रात्री जायचे म्हटले तरी जाता येत नाही! म्हणून २०१७ साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली, आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आणला. शेतीच्या वाहिन्या ज्या उपकेंद्रातून निघतात त्याच्या जवळ दोन-पाच मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची, अशी ही सरळ रचना आहे. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. राज्याने पुढे १६ हजार मेगावॅटचे उद्दिष्ट ठेवले आहे.

पैशाचे गणितही पटणारे आहे. शासनाच्या सांगण्यानुसार शेतकऱ्याच्या बांधापर्यंत वीज पोचवायला युनिटला आठ रुपयांच्या आसपास खर्च येतो. सौर वाहिनीची वीज निविदांत सुमारे तीन रुपयांना मिळाली. वीज उपकेंद्राजवळच तयार होते, त्यामुळे चंद्रपूर-कोराडीहून ओढून आणण्यातली गळती वाचते. शेतीच्या सवलतीचा बोजा आजवर रांजणगावसारख्या औद्योगिक वसाहतींच्या बिलांवर आणि राज्याच्या तिजोरीवर पडत आला आहे. आता ते उद्योगही आपल्या छतांवर पॅनेल बसवू लागले आहेत. जो ग्राहक जास्त दर देऊन शेतीला सांभाळत होता तोच हळूहळू बाहेर पडणार असेल, तर शेतीची वीज मुळातच स्वस्त करण्यावाचून गत्यंतर नाही.

मग अडते कोठे? पहिली अडचण जमिनीची. एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते, आणि ती उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत हवी. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरसाल तीन टक्के वाढ, असा दर सरकारने ठरवला. कोरडवाहू शेतकऱ्याला हा दर चांगला आहे. पण उपकेंद्रे बहुधा बागायती पट्ट्यात आहेत, आणि उसाची जमीन कोणी पॅनेलखाली घालत नाही. मग नजर गायरानाकडे जाते. कागदावर गायरान म्हणजे पडीक सरकारी जमीन. शिरूर-दौंडच्या माळावर मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगराच्या लेखी ते चराऊ रान आहे. राज्यात अनेक गावांनी अशा प्रकल्पांना विरोध केला त्याचे मूळ येथे आहे. ग्रामपंचायतीला विकासासाठी काही लाख रुपये मिळतात, मेंढपाळाला काही मिळत नाही. गावातल्या सर्वांत गरीब माणसाच्या चाऱ्यावर दिवसाची वीज उभी राहणार असेल, तर ग्रामसभेत हात वर होणार नाहीत, आणि झाले तर ते मनापासून होणार नाहीत.

दुसरी अडचण तारांची. सौर प्रकल्पाला आपली वीज वाहिनीत सोडण्यासाठी ती वाहिनी चालू असावी लागते. वळवाच्या पावसात खांब पडला, फेज उडाली, की ऊन असूनही प्रकल्प बसून राहतो. नवा प्रकल्प आणि जुन्या तारा, हे नव्या इंजिनाला जुना पट्टा लावण्यासारखे आहे. त्यात बहुतेक मोटारींना ऑटो स्विच असतो. वीज आली की शिवारातल्या साऱ्या मोटारी एका क्षणी उठतात, दाब कोसळतो आणि डीपी जळते. पाटीवर पाच हॉर्सपॉवर आणि प्रत्यक्षात साडेसात, हा प्रकारही सर्वांना माहीत आहे. कपॅसिटर बसवला तर दाब सुधारतो. तो बसवला जात नाही, कारण एकट्याने बसवून उपयोग नसतो. स्वच्छ विजेचे हे सर्वांत स्वस्त काम आहे आणि त्याचे उद्घाटन करायला कोणी येत नाही.

तिसरा मार्ग एकेकट्या सौर पंपाचा. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची, आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ ची. शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के, आणि जमिनीच्या प्रमाणात तीन, पाच किंवा साडेसात हॉर्सपॉवरचा पंप घ्यायचा. विहीर उथळ आणि शेत जवळ असेल तर हा पंप उत्तम. फेजची चिंता नाही, बिलाची नाही. पण भीमेवरून हजारो फूट पाइपलाइन टाकून माळावर पाणी चढवणाऱ्या शेतकऱ्याचे काम त्याने भागत नाही. ढगाळ दिवशी धार बारीक होते. पाच वर्षे दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादाराकडे असते. प्रश्न सहाव्या वर्षी सुरू होतो. मोटार जळली तर ती भरून देणारा कारागीर प्रत्येक बाजाराच्या गावी आहे. कंट्रोलर बिघडला तर तो उघडणारा माणूस अजून गावात तयार झालेला नाही. आयटीआयच्या मुलांना हे काम शिकवणे अनुदानापेक्षा कमी महत्त्वाचे नाही.

चिपाडाची वीज

आता चिमणीकडे वळू. स्वच्छ ऊर्जा हा शब्द रूढ होण्याआधीपासून साखर कारखाने आपल्या चुलीत चिपाडच जाळत आले आहेत. एक टन उसामागे पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस निघते, निम्मे ओले. जुने बॉयलर कमी दाबाचे होते. बगॅस संपवायची कशी हीच तेव्हा अडचण असे. बॉयलरचा दाब वाढवून सत्याऐंशी किंवा एकशेदहा किलोपर्यंत नेला, की तेवढ्याच बगॅसमधून कारखाना चालतो आणि टनामागे ऐंशी-शंभर युनिट बाहेर विकायला उरतात. दिवसाला पाच हजार टन गाळणारा कारखाना अशा रीतीने अठरा-वीस मेगावॅट वीज सतत देऊ शकतो.

केंद्राने या सहवीजनिर्मितीचा कार्यक्रम १९९४ मध्ये हाती घेतला. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २००२ मध्ये युनिटला तीन रुपये पाच पैसे दर, दरसाल वाढ आणि तेरा वर्षांचा करार, अशी चौकट घालून दिली. २००८ मध्ये राज्याने एक हजार मेगावॅटचे धोरण केले, सहकारी कारखान्यांना भागभांडवलाची मदत दिली. कारखान्यांनी कर्जे काढली, बॉयलर बदलले. पुढे दर वाढत सहा रुपयांच्या वर गेले. दरम्यान सौर विजेचा भाव कोसळला. मग सहवीजेलाही निविदेच्या रांगेत उभे केले गेले आणि नव्या करारांचे दर पाच रुपयांच्या आत आले. कारखाने तोट्याची तक्रार करू लागले, तेव्हा २०२४ मध्ये सरकारने युनिटला दीड रुपया अनुदान वर्षभरासाठी जाहीर केले.

तेरा वर्षांच्या कराराला वर्षभराचे अनुदान! येथे धोरणाची खरी गोम आहे. नव्वदच्या दशकात एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाच्या निमित्ताने महाराष्ट्राने वीजखरेदी करार हा शब्द शिकला. त्या कराराला डॉलरचे मोल आणि सरकारची हमी होती, आणि तरी २००१ मध्ये तो कोसळला. त्यातून आपण एकच धडा घेतला, की महाग वीज घेऊ नये. धडा बरोबर होता, पण अपुरा. कोणती वीज केव्हा मिळते हे न पाहता स्वस्त-महाग ठरवले, तर तीही चूकच.

वीज बाजारातले आकडे पाहा. ऊन भरात असताना दर काही वेळा दोन रुपयांच्या खाली येतो, आणि सूर्य मावळल्यावर अनेकदा दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो. सौर प्रकल्प जेवढे वाढतील तेवढी ही दरी रुंदावणार. संध्याकाळ भागवण्यासाठी घाटघरसारखा उदंचन प्रकल्प आपण २००८ मध्ये चालू केला, मावळातल्या शिरवता येथे मोठा प्रकल्प योजला आहे, बॅटऱ्यांच्या निविदा निघत आहेत. आणि गावातल्या कारखान्याची बगॅस, जी आवारात साठवता येते आणि रात्री जाळता येते, तिला मात्र दुपारच्या उन्हाच्या भावात तोलले जाते. बगॅसचा ढीग ही ग्रामीण महाराष्ट्राची बॅटरी आहे, हे दर ठरवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

अर्थात कारखान्यांची बाजू निर्मळ आहे असे नाही. गाळप चालू असते तोवरच वीज होते. २०२४-२५ मध्ये अनेक कारखान्यांचा हंगाम शंभर दिवसांच्या आत आटोपला. ऊस कमी आणि कारखाने जास्त, अशी स्थिती आहे. एकट्या दौंड तालुक्यात पाटसचा भीमा, आलेगाव, पाटेठाण अशी नावे घेता येतात. मोठा बॉयलर आणि छोटा हंगाम यांची गाठ पडली की कर्ज फिटत नाही. बगॅसला बाहेर कागद गिरण्यांकडून आणि इतर बॉयलरवाल्यांकडूनही मागणी असते. घरची वीज करण्यापेक्षा विकलेले चिपाड कधी कधी जास्त पैसे देते. दौंडच्या गुऱ्हाळांत चिपाडाऐवजी प्लॅस्टिक आणि रबराचा कचरा जाळल्याच्या तक्रारी झाल्या, त्याही याच हिशेबातून. स्वस्त जळण मिळाले की धूर कसला आहे हे कोणी पाहत नाही.

घोडगंगाने २०२३-२४ चा गाळप हंगाम घेतलाच नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बंद कारखाना हा शिरूरमध्ये प्रचाराचा मुख्य विषय झाला. एकाने कारभाराकडे बोट दाखवले, दुसऱ्याने अडवलेल्या कर्जाकडे. सहवीज प्रकल्पाचाही विषय त्यात निघाला. कोणाचे किती खरे याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. पण चिमणी थंड झाली की सभासदाचा ऊस दूरच्या कारखान्याला जातो, कामगाराचा पगार थकतो, आणि त्याबरोबर स्वच्छ विजेचे एक केंद्रही बंद पडते. ही तिसरी हानी कोणाच्या जमाखर्चात दिसत नाही.

इथेनॉलची कथा याहून वेगळी नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य २०३० वरून २०२५ वर आणले गेले, कारखान्यांना आसवन्या उभारायला सांगितले गेले. मग ७ डिसेंबर २०२३ रोजी, हंगाम ऐन भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. आठवडाभरात ती सैल झाली, ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. साखरेचा भाव सांभाळण्याचे कारण रास्त असेलही. पण ज्या बँकेने आसवनीला कर्ज दिले तिने त्या आठवड्यात काय शिकले असेल? पुढच्या वेळी स्वच्छ ऊर्जेचे नाव काढताच ती व्याजदर वाढवील.

फुकट आणि मोलाचे

जुलै २०२४ मध्ये राज्याने साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या ४४ लाख पंपांचे बिल माफ केले. मोडलेल्या शेतीला हा आधार आहे, यात शंका नाही. पण दिवसाची वीज, तीही फुकट, आली की मोटार बंद करण्याचे कारण उरत नाही. सूर्य संपत नाही, विहीर आटते. कोळसा वाचवून भूजल संपवले, तर त्या स्थित्यंतराला स्वच्छ म्हणता येणार नाही. म्हणून सौर वाहिनीबरोबर ठिबक आले पाहिजे, आणि वाहिनीवर निदान डीपीपाशी तरी मीटर आला पाहिजे. बिल घेण्यासाठी नव्हे. किती पाणी उपसले हे गावाला कळावे म्हणून. मीटर नसल्यामुळे शेतीच्या नावावर किती वीज खपते आणि किती गळते, हा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. तोही त्याने मिटेल.

करायचे काय, हे यातून फार अवघड नाही. विजेचा दर ठरवताना वेळ धरली पाहिजे. दिवसाची स्वस्त वीज शेताला, आणि हंगामात संध्याकाळची वीज कारखान्याकडून, तिच्या वेळेचा भाव देऊन. कारखान्यानेही बगॅस राखून संध्याकाळी जास्त वीज देण्याची हमी द्यावी. बॉयलर वाटेल तेव्हा पेटत-विझत नाही, पण त्याचा भार कमी-जास्त करता येतो. अनुदान वर्षाचे नको, कराराइतके असावे. पॅनेलच्या कुंपणाआधी चराईचा प्रश्न ग्रामसभेत मिटावा. आणि प्रत्येक सौर वाहिनीच्या खर्चात जुन्या तारा, डीपी आणि कपॅसिटरचा खर्च धरावा.

यातल्या कशालाही नवा शोध लागत नाही. सौर वाहिनीचे यश किती मेगावॅट उभे राहिले यावरून मोजले जाईल, त्याचे फलकही लागतील. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याचे माप वेगळे आहे. घरातला कर्ता माणूस रात्री किती वेळा बॅटरी घेऊन उसात गेला, तो आकडा शून्यावर आला की त्याच्यापुरते स्थित्यंतर झाले. तोवर घोषणा दिवसाच्या आणि पाणी रात्रीचे, असेच चालायचे.